वरचं लिंबू

तात्यांचं काउंटर बंद झालं ते एका रविवारी, आणि सोमवारी सकाळी तिथे थंड पेयांचं उभं कपाट येऊन बसलंसुद्धा. निदान दोन दिवस तरी जागा रिकामी ठेवावी माणसाने, पण नाही. इतकी वर्षं त्या जागी सुटा माल मिळायचा. चहा, बदाम, शेंगदाणे, कांदे, लिंबं, जे हवं ते हवं तेवढं तात्या काट्यावर तोलून द्यायचे. आणि काटा बरोबर आला, की त्यांचा हात पुन्हा एकदा मालाकडे जायचा आणि पिशवीत काहीतरी वर पडायचं. चार बदाम, नाहीतर एखादं लिंबू. "हे वरचं," म्हणायचे. दुकानानेही कधी हरकत घेतली नाही, कारण त्या वरच्या लिंबापायी माणसं दुसरी दोन दुकानं सोडून इथे यायची.

आता लोक घरबसल्या मोबाइलवर बोट टेकवतात आणि माल दारात. त्यात त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. ज्यांना जिने चढवत नाहीत, ज्यांच्या कडेवर लेकरू आहे, त्यांनी कशाला रांगेत ताटकळायचं? पण काउंटरवरच्या माणसाने आता कुठे उभं राहायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

सोय केली ती सूनबाईने. दुकानामागच्या गोदामात ऑनलाइन ऑर्डरी भरायचं काम चालतं, तिथली ती सुपरवायझर. "बाबांना घरी बसवलं तर भिंतींशी बोलायला लागतील," असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि खोटं नव्हतं ते. बायको गेल्यापासून तात्यांना घरातली दुपार खायला उठायची. माणसांत असले की गडी खूश. तिने मॅनेजरकडे शब्द टाकला आणि त्याने तात्यांना महिनाभर बघू म्हणून कामावर घेतलं.

अट एकच, तीही तिनेच घातलेली. गोदामात नातं सांगायचं नाही. मॅनेजर दुसऱ्या शाखेतून आलेला, भरणारी पोरं-पोरी सगळी नवी. कळलं तर म्हणतील, मॅडमनी घरचीच माणसं आणून बसवली. तात्यांना या नाटकाची गंमतच वाटली. सकाळी ज्या सुनेने हातात डबा दिला, तिलाच तासाभराने "नमस्कार मॅडम" म्हणताना ते असा साळसूद चेहरा करायचे, की तिला हसू दाबायला पाठ फिरवावी लागायची.

काम तसं अवघड नव्हतं. हातातल्या यंत्रावर एकेक वस्तू दिसायची, ती कप्प्यातून काढायची, सुटी असेल तर तोलायची, पिशवीत भरायची आणि पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवायची. पट्ट्याच्या टोकाला आणखी एक काटा होता. तिथे भरलेल्या पिशवीचं वजन पुन्हा व्हायचं, आणि ते ऑर्डरीशी जुळलं नाही की लाल दिवा लागून अख्खा पट्टा थांबायचा.

पहिल्याच दिवशी दिवा लागला. काटा बिघडला असेल म्हणून मेकॅनिकला बोलावलं. तो बिचारा पट्ट्याखाली आडवा होऊन बराच वेळ खुडबुड करत राहिला आणि हात काळे करून बाहेर आला. काट्याला काहीच झालेलं नव्हतं. मग कुणाला तरी पिशवी उघडून बघायची बुद्धी झाली. लिंबं मागवली होती चार, निघाली पाच.

देवाशपथ सांगायचं तर तात्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. मॅनेजरने फळ्यावर त्यांच्या नावापुढे लाल खूण केली. "तीन खुणा झाल्या की मी माणसाला कामावरून थांबवतो, तात्या. मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांना एकच नियम आहे." माणूस वाईट नव्हता. पट्टा थांबला की वरून त्याची खरडपट्टी निघायची.

दुसरी खूण त्याच आठवड्यात, बदामांपायी.

त्या संध्याकाळी सून ओट्याशी भांडी घासत होती आणि भांडी जरा जास्तच वाजत होती. तात्या दारात उभे राहिले.

"बाबा, एका लिंबासाठी सगळं गोदाम हातावर हात ठेवून उभं राहतं."

"मी काय मुद्दाम करतो का गं?"

"मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं."

तात्यांनी एक पातेलं उचलून पुसायला घेतलं. "काटा बरोबर आला, की मला वाटतं, अजून द्यायचं राहिलंय. मग हात जातोच."

"मला काय सांगताय? मला तुम्हीच शिकवलंत ना ते."

खरंच होतं. लग्नाआधी ही पोरगी तात्यांच्याच हाताखाली त्या काउंटरवर लागली होती. पहिल्या दिवशी तिने अगदी काटेकोर तोलून दिलं आणि शाबासकीसाठी तात्यांकडे बघितलं, तर ते म्हणाले, "काटा सांगतो तेवढं दुकान देतं. तू काय दिलंस?" तेव्हापासून तीही सढळ हाताने द्यायला लागली. त्या हातावर खूश होऊन त्यांनी पुढे आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली, आणि ही गोष्ट ते दिसेल त्याला सांगत सुटायचे. गोदामात मात्र तोंडाला कुलूप.

"अजून एक झालं तर मला काही करता येणार नाही हो," ती म्हणाली. "मीच शब्द टाकलाय तुमच्यासाठी."

"कानाला खडा, सूनबाई."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी एक शक्कल काढली. काटा बरोबर आला रे आला, की उजवा हात पँटच्या खिशात. पिशवी डाव्या हाताने उचलायची. पोरी विचारायच्या, "तात्या, खिशात काय खजिना आहे का?"

"हात आहे. कोंडून ठेवलाय," तात्या म्हणायचे.

शनिवारी ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला, त्यात दोघीजणी आल्या नव्हत्या. मॅडम स्वतः बाह्या सरसावून तात्यांच्या शेजारच्या टेबलावर भरायला उभ्या राहिल्या. मॅनेजर पट्ट्याच्या टोकाशी येरझाऱ्या घालत होता. सगळं झपाझप चाललेलं, आणि लाल दिवा लागला.

पट्टा थांबला. सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. तात्या आठवून बघायला लागले. हात तर खिशात होता. की नव्हता? त्यांना स्वतःचीच खात्री देता येईना. मॅनेजरने पिशवी उघडली, आतून लिंबं बाहेर काढली आणि पाचवं हातात धरून तात्यांकडे बघितलं. पिशवीवर भरणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी असते. ती वाचायचीही त्याला गरज वाटली नाही.

तेवढ्यात तात्यांचं लक्ष सुनेकडे गेलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि तिचा हात अजून लिंबांच्या कप्प्यावर तसाच होता.

"माझंच आहे ते," तात्या ताबडतोब म्हणाले. "जुनी खोड, जात नाही. उगाच तुम्हाला ताप. मी निघतो." त्यांनी ऍप्रनच्या गाठीला हात घातला. आपलं काय, दुपारच तर काढायची, कशीही काढू, असं ते मनाशी म्हणत होते आणि गाठ काही सुटत नव्हती.

"बाबा, ऍप्रन राहू द्या," सून म्हणाली.

गोदामात सगळ्यांनी ते ऐकलं. मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाबा?"

"माझे सासरे आहेत. आणि ते लिंबू मी टाकलंय. चिठ्ठीवरचा नंबर बघा."

त्याने चिठ्ठी बघितली. मग हातातल्या लिंबाकडे बघितलं, मग या दोघांकडे. "नातं लपवलंत हे काही बरं केलं नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "त्यावर नंतर बोलू." फळ्याशी जाऊन त्याने मॅडमच्या नावापुढे लाल खूण केली. तात्यांच्या नावापुढच्या दोनाच्या दोनच राहिल्या. "ज्याची चूक त्याच्या नावावर. तात्या, उभे काय राहिलात? पट्टा सुरू करा कुणीतरी."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. गाठ अर्धवट सुटून लोंबत होती, ती सून सगळ्यांसमोर मागे येऊन बांधायला लागली.

"कशाला बोललीस गं?" ते हळूच म्हणाले. "सुपरवायझर तू. तुझ्या नावापुढे खूण शोभते का?"

"आणि तुम्हाला घरी धाडून मी इथे कोणत्या तोंडाने उभी राहिले असते?"

"पण तुझ्याकडून झालं कसं? तू तर मला शिकवत होतीस."

तिने गाठ घट्ट आवळली. "पाव किलो चहा आणि चार लिंबं होती, बाबा. काटा बरोबर आला, आणि मला वाटलं, अजून द्यायचं राहिलंय."

तात्यांना त्या क्षणी लाजही वाटली आणि अभिमानही वाटला, आणि अभिमानच जास्त वाटला. डोळे भरून आले. ते पुसता मात्र आले नाहीत, कारण एक हात खिशात होता आणि दुसऱ्यात पुढची पिशवी.