एका मजल्याचा भाव

"शाळा सोडलेल्या पोट्ट्याले घरातलं काय समजते बे?" दलाल घनश्याम माझ्यावर वरडला.

"भिंतीची ओल लपवाले ताजा रंग मारला, एवढं तं समजते!" मी अंगावरच गेलो. मायनं बाही धरून मले मागं ओढलं.

माय पवनीत जुनी घरं घेते, दुरुस्त करते अन् नर्स, मास्तर लोकायले किरायानं देते. हे दुमजली घर तिसरं. याच्या कर्जासाठी आमचं राहतं घर गहाण ठेवा लागत होतं, म्हणून माझं डोस्कं तापलं होतं.

मायनं भिंती ठोकल्या नाही, छत पाहिलं नाही. ती सीधी देवाजवळ गेली. देवाचा कोनाडा पार तिच्या डोक्याच्या वर होता. खालचा जुना कोनाडा सिमेंटनं बुजवलेला दिसत होता.

"घनश्यामभाऊ, इथं पूजा स्टुलावर चढून करतेत का?"

घनश्याम हासत खिडक्या दाखवाले लागला.

"वैनगंगेचं पाणी देवापर्यंत आलं होतं ना? म्हणून देव वर नेले."

"एकच डाव आलं वहिनी, खरंच!"

"मंग खालच्या मजल्यात मी किरायदार ठेवत नाही. भाव एका मजल्याचाच सांगा. नाही तं मी चालली."

घनश्यामनं बाहेर जाऊन मालकाले फोन लावला. घाम पुसत आला अन् हो म्हणून मान हलवली. एवढ्या भावात कर्ज कमी लागते, आमचं घर गहाण ठेवाचं कामच नाही.

मी रंगावरून भांडत बसलो, अन् मायनं आवाजही न चढवता घर वाचवलं. अशी बाई मी पाहिली नाही! आता ती बाहेर गाडीचा हॉर्न वाजवून राहिली. मले निघा लागते.