पुलावरची पाखरी

मी पाखरी. बोरिवली स्टेशनाबाहेर टांगे उभे असतात, त्यांत कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक तांबडी घोडी दिसते ना, ती मी. तुम्ही माझ्या पाठीमागे बसून पुष्कळ बोलता. आज जरा माझं ऐका.

माझा जन्म वसईकडचा. शिंगरू असताना मी इतकी उधळायची, की मालक म्हणायचा, "हिचे पाय जमिनीला लागतात तरी का?" तेव्हाच पाखरी हे नाव पडलं. मोठी झाल्यावर दशरथ नावाच्या टांगेवाल्यानं मला बोरिवलीला आणलं आणि टांग्याला जुंपलं. दशरथ मनानं चांगला. दाणा-चंदी वेळेवर द्यायचा, अंगाला खरारा करताना गुणगुणायचा. फक्त त्याला धीर म्हणून नव्हता.

स्टेशनावरून गावाकडे जाताना नाल्यावर लाकडी फळ्यांचा पूल होता. एका पावसाळ्यात त्यातली कुजलेली फळी मोडली आणि माझा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. जखम भरली, फळीही नवी बसली. भीती मात्र गेली नाही. त्यानंतर पुलाशी आले की माझे पाय थिजायचे. दशरथ ओढायचा, चाबूक उगारायचा. उतारू हसायचे. "अरे, घोडी आहे की सासुरवाशीण? पाऊल उचलवत नाही हिला!" मग त्यांना उतरून चालत जावं लागे. गावातल्या नीलाबाई शाळेत शिकवत, त्या तेवढ्या उतरताना माझी मान थोपटायच्या.

अशातच दशरथ विहिरीपाशी शेवाळावरून घसरला आणि त्याचा हात मोडला. टांगा घरी बसला. दगडाच्या खाणीवरचा एक माणूस मला विकत मागत होता. खाणीवर गेलेली जनावरं कशी होतात, ते मी रस्त्यात पाहिलं होतं.

"देऊन टाकतो," दशरथ बायकोला म्हणाला. "अडणारी घोडी काय पुजायची?"

त्याची बायको वनमाला, मालवणकडची. लग्न होऊन इथे आली, तरी एकटी बाजारापर्यंतही जायची नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाण्यावर नेते म्हणून निघाली ती थेट पुलाशी. मी अडले. तिनं मला ओढलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हळूच माझ्या डोळ्यांवरची झापडं काढली.

"बघ तरी खाली काय आहे ते," ती म्हणाली.

मी पाहिलं. खाली गुडघाभर पाणी, त्यात चार बदकं. बस, एवढंच! इतके दिवस मी न दिसणाऱ्या गोष्टीला घाबरत होते. वनमाला पुढे झाली. तिनं माझी आयाळ घट्ट धरली होती. "घाबरू नको गो, मी आसंय," ती पुटपुटली. ते मला होतं की स्वतःला, कोण जाणे. आम्ही दोघी पलीकडे पोचलो.

मग रोज तेच चाललं. पुढे तर ती झापडं न लावता मला रिकामा टांगाही जुंपू लागली. दशरथ ओट्यावरून ओरडून लगाम कसा धरायचा ते सांगायचा. "बसून बसून कंटाळलो, म्हणून शिकवतोय," म्हणायचा.

खाणीवाला मला न्यायला यायच्या दिवशी सकाळीच नीलाबाई धावत आल्या. त्यांच्याबरोबर गावातल्या तीन मुली होत्या, यंदा मॅट्रिकला बसलेल्या. बाकीचे टांगे वऱ्हाड घेऊन गेलेले, आणि परीक्षेला जायची गाडी चुकायची वेळ.

"वनमाला, तू हाक ना!"

"मी? बाई, बायकांनी टांगा हाकायचा? लोक काय म्हणतील?"

"मी शिकवायला निघाले तेव्हाही लोक बोलतच होते गं. शेवटी तेच दमले आणि गप्प बसले."

वनमालानं दशरथकडे पाहिलं. त्यानं चाबूक पुढे केला. तिनं तो घेतला नाही. पदर खोचला आणि चढली.

पूल आला. फळ्या खडखडल्या. मी मान वाकवून खाली बघितलं, आणि पाय थांबले नाहीत. मागे मुलींनी श्वास रोखला होता. पलीकडे पोचताच त्या एवढ्या ओरडल्या, की बदकं उडाली. गाडी मिळाली.

परतलो तेव्हा खाणीवाला दारात उभा होता. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला दशरथ म्हणाला, "घोडी विकायची नाही. आणि यापुढे काही विचारायचंच झालं, तर हिला विचारा." आणि त्यानं बायकोकडे बोट केलं. वनमाला लाजली, आणि मी उगाचच खिंकाळले.

भीती अजूनही वाटते मला. मोटारींची वाटते, पतंगांची वाटते. पण आता मी मान वळवून बघते. तुमच्याही घरात कुणी असं अडून बसलं, तर लगेच चाबूक शोधू नका. त्याला नीट दिसतंय का, तेवढं बघा.

हल्ली वनमाला टांगा हाकते आणि दशरथ मागे बसून म्हणतो, "जरा सावकाश गं!" चला, गाडी आलेली दिसते. लगाम हलला. यायचं असेल तर चढा पटकन, पुढच्या बाजूला एक जागा आहे.