आभारानंतरची सभा

आमच्या भाजीपाला कंपनीत संवादाचा अभाव आहे, हे आम्हाला अकोल्याहून कळलं. तिथे साधनाताई दोन मेस चालवतात आणि आमच्या गावची निम्मी भाजी त्यांच्याकडे जाते. गाडी नऊच्या आत पोचायची असं ठरलेलं. ती अकराला पोचायची. तोवर ताईंनी जवळच्या बाजारातून वांगी आणून फोडणीला टाकलेली असायची, आणि आमचा सांबार, म्हणजे पुण्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात ती, वरून भुरभुरायलासुद्धा उशिरा पोचायचा.

"सर, मी तुमच्या अध्यक्षाले सांगतलं, तुमाले सांगतलं, अजून कोणाले सांगू?" त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्या गावात कोणी कोणाशी बोलत नाही काय? हा महिना पाहतो. नाही जमलं तं राहू द्या."

साधनाताई गेल्या असत्या तर गाडी उभी राहिली असती, आणि गाडी उभी राहिल्यावर कंपनी नावाची जी पाटी खुशालरावांनी आठ वर्षं खपून उभी केली तिच्यामागे फक्त भिंत उरली असती. खुशालराव आमचे अध्यक्ष. स्वतः पालक लावतात, स्वतः खुडतात, आणि कंपनीबद्दल बोलताना त्यांचा आवाज मुलीच्या लग्नात बोलावं तसा होतो. मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून संचालक मंडळात आहे. माझ्याकडे आभारप्रदर्शन असतं.

सभा आम्ही पुष्कळ घेतल्या. खुशालराव विचारायचे, "मंडळी, माल वेळेवर तयार ठेवता न?" सगळे म्हणायचे, "होय भाऊ." मी आभार मानायचो. दुसऱ्या दिवशी गाडी अकराला.

शेवटी कुठल्याशा योजनेतून संवाद सल्लागार मिळतो असं समजलं. फुकट मिळतो असंही समजलं, तेव्हा ठराव एकमताने झाला.

सल्लागार म्हणजे अमरावतीच्या रागिणी मॅडम. वय तिशीच्या आसपास, पाठीवर सॅक, हातात प्रोजेक्टर. हिवरखेडला एसटीतून उतरल्या आणि पुढे आमच्या गावापर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर आल्या. पहिल्याच सभेत त्यांनी पडद्यावर बाण दाखवले. माहिती इकडून निघते, तिकडे पोचते, मध्ये अडथळा येतो. अडथळा लाल रंगाचा होता. सगळ्यांना तो फार आवडला.

"तर तुमच्याकडे अडथळा कुठे आहे असं वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, तसा काही नाही," सगळे म्हणाले.

"मग गाडी उशिरा का जाते?"

"पाहू न मॅडम. करू."

"माल तयार नसतो काय?" खुशालरावांनी विचारलं.

"असते न भाऊ."

"मंग?"

"होऊन जाईन भाऊ."

मॅडमनी सूचनापेटी ठेवली. आठवड्याने उघडली तेव्हा तीत बारशाचं एक आमंत्रण निघालं. त्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला. गाडीच्या वेळेबद्दल काहीही विचारलं की खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. तो होकार, नकार की निरोप, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या सभेत असंच झालं. मी आभार मानले, मॅडमचे विशेष मानले, खुशालराव फोन आला म्हणून आत गेले. मंडळी उठली. मॅडम प्रोजेक्टरची वायर गुंडाळत मागे थांबल्या होत्या, आणि दाराशी चपला शोधता शोधता सभा सुरू झाली.

म्हणजे ती आमच्याकडे नेहमीच तिथे सुरू होते. एक पाय चपलेत, एक बाहेर, आणि मग माणूस खरं बोलतो. मला ते इतकं सवयीचं होतं की कोणाला सांगावं असं वाटलंच नव्हतं.

"काय सांगाव भाऊले," गोदाबाई म्हणत होत्या. गोदाबाईंचं शेत गाडीच्या वाटेवर शेवटचं. "माही मेथी पाच वाजतापासून बांधून पडली रायते. गाडी येते तवा तिची मान पडते."

"तुमची मेथी, अन् माही वांगी काय हसून राहिली काय?" कोणीतरी म्हणालं.

"पण बोलावं कोन? जावई होय तो."

"जावई होय म्हनूनच तं."

तेवढ्यात खुशालराव बाहेर आले. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला सापडल्या.

मॅडमनी वायर पूर्ण गुंडाळली आणि मला विचारलं, "सर, जावई कोण?"

जावई म्हणजे किशोर. खुशालरावांची मुलगी पिंकी त्याला दिलेली. अचलपूरला त्याचं गॅरेज होतं, रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. गाड्यांचं त्याला कळतं आणि आधीचा ड्रायव्हर नुकताच सोडून गेला होता, म्हणून कंपनीचा छोटा हत्ती, म्हणजे भाजीचा टेम्पो, त्याच्या हाती दिला. दोघं गावातच खोली करून राहतात. मुलगा शांत, सरळ, कामाचा. त्याच्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नव्हती, आणि हे मी मॅडमना सांगितलं.

"तक्रार नाही, मग बोलत का नाहीत?"

"ते मी सांगणं बरं नाही," मी म्हणालो. "तुम्ही सकाळी गाडीत बसा."

रात्री त्या गोदाबाईंकडे राहिल्या आणि पहाटे किशोरशेजारी बसून निघाल्या. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पहिलं शेत आलं. पालकाच्या जुड्या बांधून तयार, टोपल्या भरलेल्या, कुठे कसूर नाही. किशोरने गाडी थांबवली. टोपल्या चढल्या. आणि मग घरमालकीण पदर सावरत आली. "या न जावईबापू, घोटभर घ्या." खाट टाकलेली, वर धुतलेली चादर. किशोर खाली पाहत म्हणाला, "राहू द्या न मावशी, उशीर होते." मावशी म्हणाल्या, "घोटभराले काय उशीर." तो बसला. चहा आला, चहाबरोबर पोहे आले. जावयाला नुसता चहा कसा द्यायचा?

दुसऱ्या शेतावर तेच. तिसऱ्यावर शिरा होता, कारण पहिल्या घरी पोहे झाले ही बातमी गाडीच्या आधी पोचली होती. गावचा जावई दारात आला आणि तसाच गेला, असं आमच्याकडे होत नाही. अधिक महिन्यात जावयाचा मान करतात. आमच्याकडे किशोर गाडी चालवायला लागल्यापासून रोजच अधिक महिना होता.

मॅडमनाही कोणी सोडलं नाही. जावयाबरोबर आलेल्या पाहुणीला वगळणं त्याहून वाईट दिसलं असतं. गोदाबाईंच्या शेतावर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, मेथीची मान पडली होती आणि मॅडमना बोलायचीसुद्धा ताकद नव्हती. गोदाबाईंनी त्यांना बशीत चहा ओतून दिला.

"कळलं काय मॅडम तुमाले अडथळा?" त्यांनी विचारलं.

"कळला," मॅडम म्हणाल्या. "पण मग तुम्ही तरी चहा देऊ नका ना."

"मी नाही देल्ला तं पिंकी काय म्हनीन? का बाकी साऱ्यायनं देल्ला अन् गोदाबाईनं नाही. तुमी अमरावतीच्या होय. जावई नसते काय तुमच्याकडे?"

तर स्थिती अशी होती. घरवाल्यांना न देता येत नव्हतं. किशोरला नको म्हणता येत नव्हतं. सासऱ्यासमोर जावयाबद्दल बोलणं म्हणजे पिंकीबद्दल बोलल्यासारखं, त्यामुळे सभेत कोणी तोंड उघडत नव्हतं. खुशालरावांना वाटत होतं की माल तयार नसतो. माल तयार ठेवणाऱ्यांना वाटत होतं की भाऊंना सगळं माहीत आहे आणि जावई म्हणून ते पांघरूण घालताहेत. सगळे एकमेकांशी अतिशय चांगलं वागत होते, आणि त्यात कंपनी बुडत चालली होती.

महिना संपत आला होता. मॅडमनी तिसरी सभा बोलावली आणि आदल्या दिवशी मला फोन केला.

"सर, उद्या आभार आधी माना."

"कोणाचे?"

"नेहमीचेच. फक्त आधी. आणि खुशालरावांना आत बसू देऊ नका, त्यांना बाहेर ओट्यावर चपलांपाशीच बसवा."

कॉलेजात आणि इथे मिळून पंधरा वर्षं मी आभार मानतोय, पण सुरुवातीला कधी मानले नव्हते. अध्यक्षांचे मानले, उपस्थितांचे मानले, जो झालाच नव्हता तो कार्यक्रम यशस्वी केल्याबद्दल मॅडमचे मानले. "आणि सभा संपली असं जाहीर करतो," असं म्हटलं. लोक थोडे चकित झाले, पण आभारानंतर बसून राहायची कोणाला सवय नाही. सगळे उठले आणि दाराकडे गेले. दाराशी खुशालराव, बाजूला किशोर, आणि मॅडम आपले सँडल घालत बसलेल्या.

सगळे खाली वाकून चपला शोधू लागले. मला वाटलं, गेलं.

मॅडम सँडलचा पट्टा लावता लावता खुशालरावांना म्हणाल्या, "दादा, मी परवा गाडीत गेले होते. तुमच्या गावात मला कोणी चहाला नाही म्हणू दिलं नाही. दुपारी मी अमरावतीला गेले, रात्री जेवले नाही."

जावयाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या स्वतःच्या पोटाबद्दल बोलल्या.

"शिरा खाल्ला काय मॅडम आमचा?" मागून एक बाई म्हणाली. "त्याच्यात तूप घरचं होतं."

"तुह्या शिऱ्यानंच माही मेथी मेली," गोदाबाई म्हणाल्या. एक चप्पल त्यांच्या पायात होती.

"तुमी काय कमी करता? बशीबशीनं पाजता."

"मी शेवटची होय. मले वाटते एवढं सारं पिऊन आला, माह्याच घरी काहून नाही म्हनाव?"

खुशालराव एकेकाकडे पाहत होते. मग त्यांनी किशोरकडे पाहिलं. किशोर जमिनीकडे पाहत होता.

"जावईबापू," खुशालराव म्हणाले, "तुमी रोज हरेक घरी चहा पेता?"

"मामाजी," किशोर म्हणाला, "मले चहा आवडतच नाही."



"मंग नाही म्हना न बाप्पा," गोदाबाई म्हणाल्या.

"कोनाकडे पहिले म्हनू?" किशोर म्हणाला. "ज्याच्याकडे म्हनीन त्याले वाटीन, याच्याच घरचा नाही चालला. मी पिंकीले म्हनलं, तू सांग. ती म्हने, मी माहेरच्या मानसायले असं कसं सांगू? तुमाले सांगाव तं तुमी म्हनसान, कामाचा कंटाळा करून राहिला."

"मी असं म्हटलं असतं?" खुशालराव म्हणाले.

"म्हटलं असतं भाऊ," चार-पाच जण एकदम म्हणाले, आणि खुशालराव हसले. सभेत हसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. ती सभा संपलेली होती, हे खरं.

मग तोडगा निघायला वेळ लागला नाही. गाडी शेताशेतावर जाणार नाही. सगळ्यांनी टोपल्या मारुतीच्या ओट्यावर आणायच्या. जावयाचा मान तिथेच, रोज एका घराने, पाळीपाळीने, जसं कॅनॉलचं पाणी येतं तसं. चहाऐवजी ताक चालेल असं किशोरने हळूच सुचवलं. ते मंजूर झालं. शिरा देणाऱ्या बाईंनी पहिली पाळी मागून घेतली. "माह्या शिऱ्याचं नाव निघालं," त्या म्हणाल्या, "तं सुरुवात माह्यापासूनच होईन." खुशालरावांनी मला विचारलं, "सर, ठराव लिहायचा काय?" मी म्हणालो, "सभा संपली आहे, भाऊ." ठराव लिहिला नाही. तो पाळला जातो याचं कारण तेच असावं.

मॅडमनी योजनेकडे अहवाल पाठवला. त्यात 'संस्थेतील अनौपचारिक संवादमार्गांना औपचारिक मान्यता' असं लिहिलं होतं. गोदाबाईंनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हणालो, "चपला घालून बोला, असं म्हटलंय."

"हे लिहाले अमरावतीहून यावं लागलं," त्या म्हणाल्या. पण मॅडमसाठी त्यांनी मेथीच्या चार जुड्या बांधून ठेवल्या होत्या, मान न पडलेल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी खुशालराव आणि मी ओट्यावर बसलो होतो. गाडी जाऊन बराच वेळ झाला होता. खुशालराव फोन हातात घेऊन, खाली ठेवून, पुन्हा हातात घेत होते. तो वाजला तेव्हा त्यांनी स्पीकरवर टाकून माझ्याकडे सरकवला.

"सर, गाडी नऊच्या आधी आली," साधनाताई म्हणाल्या. "मेथी मस्त हाये. पुढच्या महिन्याले वांगी जास्त पाठवा. पण एक विचारतो, राग नका मानू."

"विचारा ताई."

"तुमचा ड्रायव्हर. मी दोन डाव चहा देल्ला, त्यानं हात जोडले अन् नाही म्हनलं. नाराज हाये काय तो आमच्यावर? मी एवढं बोलली होती न मागं."

खुशालरावांनी फोन स्वतःकडे ओढला.

"नाही ताई, नाराज नाही," ते म्हणाले. "अकोल्यात तो कोनाचा जावई नाही न."