गप्प म्हणजे हाव

राग आला म्हणून सांगून राहिली, आणि तो अजून उतरला नाही.

अड्याळजवळच्या राईस मिलमध्ये आम्ही सहा बाया. मी रत्नमाला, बौद्ध मोहल्ल्यातली. बाकी पाचही गावातल्या. पहिले बाबुलाल मुकादम होता. बोंबले, शिव्या दे, आणि मले कायम भट्टीच्या राखेवर धाडे. नाकातोंडात राख, रातभर खोकला.

मग मालकानं कामाची व्यवस्था लावाले नागपूरहून मेघाताईले आणलं. ती म्हणे, आता मुकादम नाही, तुमचं काम तुम्हीच वाटा. पाळी ठरवा. गोल बसा, बोला. ज्या बाईची ना असन तिनं सांगावं, गप्प म्हणजे हाव, होकारच धरू. मायबाई, सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या! काळा दाणा काढणाऱ्या मशीनवर आता माझीही पाळी येणार होती. मी ते मशीन मन लावून शिकली. आमच्यातल्या मोनाले बटनं मी दाखवली, तिले काही समजत नव्हतं.

नवा धान आला, माझी पाळी आली. सकाळी मी सगळ्याइसाठी चहा आणाले गेली. केटली घेऊन परत येते तं मशीनवर मोना बसून!

"काहून वं? आज माझी पाळी आहे."

"ठराव झाला," ती म्हणे. "नव्या धानाचा पहिला तांदूळ देवळात जाते ना. म्हणून हा हंगाम तू राखेवरच राह्य. समजून घे."

"मी कुठं हाव म्हटलं?"

"तू नव्हती. गप्प म्हणजे हाव."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. मी रुखमिणीबाईकडे पाह्यलं. वयानं मोठी, रोज माझ्या डब्यातले लाखोरीच्या डाळीचे वडे मागून खाते. ती पदराशी चाळा करून राहिली होती. वडे चालते बाप्पा, हात चालत नाही!

मेघाताईले फोन लावला. ती थंडपणे म्हणे, "टीमचा निर्णय आहे, मी मध्ये पडणार नाही. अशाच टीम शिकतात." शिकतात म्हणे! माझ्या फुफ्फुसावर शिकून राहिल्या ह्या!

मी केटली आपटली आणि मशीनच्या मेन बटनापुढं ठाण मांडलं. काम बंद. गोंधळ ऐकून बाबुलाल आला. आता तो गोदामावर होता. त्याले पाहून बायाइचे चेहरे असे खुलले, जसा माहेरचा माणूस आला.

"कायचा तमाशा आहे? बसू द्या रत्नमालाले मशीनवर. मी सांगतो ना," तो म्हणे.

मले पाहिजे ते आयतं मिळून राहिलं होतं. पण डोकं अजूनच फिरलं.

"तू बाहेर हो, बाबुलाल! तू आज दिलं तं उद्या तूच काढशीन. ही आमची मीटिंग आहे."

तो गुरगुरत निघून गेला. मी बायाइले म्हटलं, "बसा गोल. आता माझा ठराव ऐका. मशीनवर मी बसन, राखेवर पाळीनं सगळ्या जातीन. जिची ना असन तिनं तोंडानं सांगावं, आणि माझ्या हातानं देवाच्या तांदळाले काय होते, तेही सांगावं. माझ्याकडं पाहून सांगावं."

कोणी बोललं नाही. मोना भुईकडं पाहून राहिली.

"गप्प म्हणजे हाव ना? झाला ठराव. ऊठ, मोना."

ती उठली. रुखमिणीबाईनं न बोलता घमेलं उचललं आणि भट्टीकडं गेली. मी मशीन चालू केलं.

दुपारी ती राखेचे हात धुऊन नेहमीसारखी बाजूले येऊन बसली, वड्यासाठी हात पुढं केला.

"पहिले सांग," मी म्हटलं, "माझा हात चालते का तुले? तोंडानं सांग."

ती गप्प राहिली.

ह्या खेपेले मी हाव धरलं नाही. डबा बंद केला.