उद्याचा पेपर

हस्तीमल शेठना खांडबाऱ्याच्या बाजारात येऊन पन्नास वर्षं उलटली, पण मारवाडातल्या आपल्या गावाची खबर त्यांना अजून पेपरातूनच लागे. तिकडचा हिंदी पेपर टपालाने येई, तीन-चार दिवस शिळा होऊन. मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. बोटाने सरकतं ते कसलं खरं? दुकानाच्या गादीवर बसून शेठ आधी शोकसंदेशांचं पान उघडत आणि एकेका फोटोवरून बोट फिरवत. भाईसाचा फोटो नाही, म्हणजे भाईसा आहे. थोरल्या भावाशी एवढाच काय तो संबंध उरला होता.

भांडण आईवरून. आई गेल्याचं शेठना याच पानावर वाचायला मिळालं, तोवर राखही थंड झालेली. फोन लागतच नव्हता, असं भाईसा सांगत राहिले, पण शेठनी ते कधी मानलं नाही. एरवी माणूस मऊ. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

यंदा पर्युषणात आठ दिवसांचे उपवास करताना मात्र ते हलले. दोघांचीही वयं झाली होती. संवत्सरीला सगळेच एकमेकांची क्षमा मागतात, मग आपणच का अडून बसायचं? बायको बदामबाई म्हणाल्या, सरळ फोन करा. घरातली मारवाडी आता देवापुढे आणि भांडणातच निघे. एरवी नवराबायकोचंही बोलणं अहिराणीच झालेलं.

"जे पेपरमाईन उनं, ते पेपरमाईनच जाई," शेठ म्हणाले. भांडण पेपरातून आलं होतं, मिटणारही पेपरातूनच.

त्यांनी त्याच पेपरात जाहिरात दिली. भाईसाचं नाव, 'चुकलो, मिच्छामि दुक्कडम्' आणि खाली स्वतःचा फोटो. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी छापून येणार होती. भाईसाही पेपर वाचणारे, त्यांना ती दिसणारच.

संवत्सरीच्या संध्याकाळी शेठ उपाश्रयातून साधूंचं प्रवचन ऐकून घरी आले, तर मुलगा जिनेश फोन धरून दारातच उभा.

"बा, मोठा बाना फोन शे. आवाज कसातरी येस त्यासना. तुम्हलेच दे म्हणतस."

भाईसाचा फोन म्हणताच शेठचा हात पुढे झाला होता. पण मग उद्याची गंमत काय राहिली? लहान पोरासारखे हसले ते.

"सांग त्यासले, उद्याना पेपर दखा."

"बोला ना," बदामबाई म्हणाल्या. "दोन शब्द बोलाले काय जास?"

जिनेशने निरोप दिला. पलीकडून फोन बंद झाला. बदामबाईंनी दिवा लावला, पण त्यांचं लक्ष फोनवरच होतं.

त्यानंतर पेपर येईना. टपाल अडलं असेल, असं जिनेश म्हणे आणि पोत्यांकडे वळे. घरात बोलणी कमी झाली. शेठ दुकानात आले की जिनेश फोन घेऊन मागच्या गोदामात जाई. बदामबाईंनी सणाचा गोड पदार्थ डब्यात तसाच ठेवला, का विचारलं तर भूक नाही म्हणाल्या.

शेवटी शेठनी पोस्टमन चुडामणला रस्त्यातच गाठलं.

"तुम्हना पेपर त मी कालच दिधा शेठ," तो म्हणाला. "जिनेशभाऊना हातमा."

शेठ दुकानात आले आणि नुसता हात पसरून उभे राहिले. जिनेशने बापाचं तोंड पाहिलं. गादीखालून पेपर काढून दिला.

"बा, तुम्हनी तब्येत..." एवढंच बोलला.

जाहिरात छापली होती. सणाची गर्दी, जागा नव्हती, म्हणून एक दिवस उशिरा आली होती. वर शेठचा फोटो, चुकलो म्हणणारा. त्याच पानावर खाली, हार घातलेला भाईसाचा.

शेठनी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन फोन मागितला. पलीकडे पुतण्या होता. तो रागावला नाही, आणि तेच सोसवेना.

"काकासा, तुमचा निरोप आला आणि बा रात्रभर झोपले नाहीत," तो मारवाडीत सांगत होता. "सकाळी पेपर आला तो पहिल्या पानापासून वाचला. चष्मा पुसून परत वाचला. काही सापडेना, तेव्हा आम्हाला वाचायला लावला. हस्तीने काहीतरी छापलंय, नीट बघा, म्हणत होते. दुपारपर्यंत पेपर हातातून सोडला नाही."

"मंग?" शेठना अहिराणीच आठवली.

"मग आडवे होत म्हणाले, छापणाऱ्यांना उशीर झाला असेल. उद्याचा पेपर आला की मला उठवा."