पानांचे घागरे

शेणव्याजवळच्या ठाकूरवाडीत ढोल वाजवायचा तो गोमानंच. बाप गेल्यापासून चाळीस वर्षं तो त्याच्याच गळ्यात होता. आदिवासी दिनाला शहापुरात एका संस्थेचा महोत्सव होता, म्हणून गोमा दहा गडी घेऊन सकाळीच आला. सगळ्यांच्या अंगावर धुतलेली पांढरी धोतरं आणि ठेवणीतल्या बंड्या होत्या.

मंडपामागं संस्थेचा हर्षित उभा होता. त्यानं एक पोतं उपडं केलं. प्लास्टिकच्या पानांचे घागरे पडले, रंगवलेली पिसं पडली, काळ्या रंगाच्या डब्या घरंगळल्या.

"काका, हे घाला. तोंडाला पट्टे ओढा."

"कोनाला घालाचं ह्ये?"

"तुम्हालाच. आदिवासी दिसायला नको का?"

गोमाची कानशिलं तापली. "मंग हितं कोन उभं हाय?"

"अहो, धोतरात कोणीपण गावकरी दिसतो. पाचच मिनिटं, मग काढून टाका." हर्षित हसला.

त्या हसण्यानं गोमाचं डोकंच फिरलं. "माजा बाप ह्याच धोतरात नाचला. पाला आमी गुरांना घालतो, पोरा." त्यानं घागरा पायानं दूर सारला आणि ढोल अडकवून थेट मंचावर गेला. गडी मागोमाग आले.

नाच रंगात आला तसा निवेदिकेचा आवाज घुमला, "पाहा, जंगलातले हे भोळे जीव!"

गोमाची टिपरी मध्येच थांबली. रिंगण जागच्या जागी उभं राहिलं. त्यानं बाईंच्या हातातला माईक घेतला.

"आमी भोळं नाय. भात पिकवतो, पोरं शिकवतो. मागं पोतंभर पानं हायेत, ज्यानं आनली त्यानंच घालावी."

माईक बंद झाला. गोमा ओरडून बोलत राहिला. टाळी कोणी वाजवली नाही. संस्थेचे दोघं जण त्यांना उतरवायला आले, तेव्हा गोमा आणि गडी आपल्या पायांनीच खाली उतरले.

तीन दिवसांनी गोमाच्या नातीनं, कॉलेजातल्या रविनानं, मोबाईल पुढं धरला. संस्थेनं टाकलेल्या फोटोत चार अनोळखी पोरं होती. तोंडं काळी, कमरेला तीच पानं. खाली लिहिलं होतं, 'ठाकूर समाजाचे पारंपरिक नृत्य'.

गोमा रात्री जेवला नाही. सकाळी दहा गडी आणि रविनाला घेऊन तो संस्थेच्या दारात उभा राहिला.

हर्षित बाहेर आला. "काका, तमाशा नको. काढतो फोटो."

"काड. आन् लिही, ठाकूर असं नसत्यात. जवर लिहीत नाय तवर हालनार नाय."

हर्षित आत गेला. गोमानं ढोलावर हात टाकला. रस्त्यावरची माणसं थांबली, वरच्या खिडक्या उघडल्या. दुपारी एकदाची फोटोच्या जागी एक ओळ लिहिली गेली. रविनानं वाचून दाखवली, "'चुकून चुकीचा फोटो टाकला गेला. क्षमस्व.'"

"चुकून?" गोमानं विचारलं.

"हां आबा, तसंच लिवलंय."

"पोतं चुकून भरलं व्हतं काय?" गोमानं ढोलाची दोरी आवळली आणि पुन्हा वाजवायला लागला.