रायीचा तिसरा कौल

डिचोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सगुण कोरगावकर सरांचा संशोधनाचा विषय कोणता, हे तिथल्या शिपायालाही तोंडपाठ होतं. पेडण्यातल्या त्यांच्या गावाला राष्ट्रोळी देवाची राय आहे. देवाच्या नावानं राखलेलं, कुऱ्हाड न लागलेलं जुनं रान. तोच सरांचा विषय. पंधरा वर्षं झाली, विषय बदललेला नव्हता आणि संशोधन सुरू झालेलं नव्हतं.

यात दोष सरांचा नव्हता, देवाचा होता. तरुणपणी पीएचडीला नाव नोंदवून सर मोठ्या उमेदीनं गावी गेले. रायीत पाऊल टाकायचं तर आधी देवाला विचारायला हवं, म्हणून रिवाजाप्रमाणे देवाचा कौल घेणाऱ्या घाड्याला सांगून कौल लावला. घाडी पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सरांची डावी पडली. सर तडक उठले आणि त्यांनी म्हापशाची बस धरली.

तेव्हापासून मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं हे शिकवायची वेळ आली, की सर पाकळीवर घसरत. पाणी सुकलं की पाकळी पडते, त्यात उजवी काय नि डावी काय. आणि असल्या एका पाकळीपायी एवढं मोठं काम बुडालं, असं म्हणून उसासा टाकत. मुलांना वाईट वाटे. सरांना बरं वाटे.

असं सगळं सुखात चाललं होतं. गोवा घटक राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, तरी स्टाफरूममधली कोकणी-मराठीची भांडणं निवली नव्हती. मेजाच्या एका टोकाला एक पक्ष बसे, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि सर मधे बसून दोघांचाही चहा पीत. त्याच मेजावर एके दिवशी विनोदिनी चोडणकर येऊन बसली. नार्व्याच्या शेतकऱ्याची मुलगी, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. पुण्याहून शेवाळांवर पीएचडी करून आली होती आणि आता त्यांच्याच विभागात शिकवणार होती.

इथवरही सरांनी सोसलं असतं. पण नव्या विद्यापीठानं देवरायांच्या अभ्यासाचं काम काढलं आणि प्राचार्यांनी ते विनोदिनीला दिलं. ती सरळ सरांकडेच आली.

"सर, तुमच्या गावची राय घेतलीय," ती म्हणाली. "तुम्ही वर्गात इतकं सांगायचात, तेव्हापासून डोक्यात होती."

सरांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. आपण मांडी घालून राखलेला पाट, आणि ताट वाढून आलं ते हिच्यासाठी. त्यांना तिचं सगळंच खुपू लागलं. तिचं वळणदार अक्षर, तिच्या टेबलाभोवतीची पोरांची गर्दी, प्राचार्यांनी तिला 'डॉक्टर' म्हणणं. तिनं शिरगावच्या खाणीजवळचा एक दगड आणून त्यावरचं शेवाळ मुलांना दाखवलं, तेव्हा सर म्हणाले, "शेवाळाला एवढं काय पाहायचं? माझ्या न्हाणीघरात हवं तेवढं आहे." कुणी हसलं नाही, म्हणून आणखीच राग आला.

इतिहास शिकवणाऱ्या ताराबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. "चली तुमचीच शिश्य न्हय, सगुणबाब?" त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या. "गुरूक खोस जावंक जाय."

"जाल्या मगो," सर म्हणाले. "खूब खोस जाल्या." आणि एवढा आनंद जाहीर करून कप तसाच ठेवून निघून गेले.

मग एका दुपारी त्यांना सुचलं, आणि सुचल्याबरोबर भूक लागली. विनोदिनीलाही कौल लावावाच लागणार होता. देवानं एकदा नाही म्हटलेलं ती आली म्हणून कसं बदलणार? डॉक्टर असो की कुणी असो. एकदा तिची डावी पडली, की दोष देवाचा हे सगळ्यांना पटेल, आणि सगुण कोरगावकर पुन्हा पूर्वीसारखे दुर्दैवी आणि मोठे होतील. ते स्वतःहून तिच्या टेबलाशी गेले.

"मी नेतो तुला गावी," ते म्हणाले. "घाडी माझ्या ओळखीचा आहे. पण देव नाही म्हणाला तर माझ्यावर रुसू नकोस हं."

"तुम्ही बरोबर आहात म्हणजे काळजीच नाही, सर," ती म्हणाली. सरांना क्षणभर लाज वाटली, पण क्षणभरच.

रविवारी सकाळी दोघं देवळात पोचली. विठू घाडी आता म्हातारा झाला होता, पण हात स्थिर होता. त्यानं पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडले.

"बा देवा राष्ट्रोळी, तुजें लेंकरूं तुज्या दारांत उबें आसा. शिकिल्लें चेडूं. तुज्या रायेंत वचून झाडां-पानां अभ्यासूंक सोदता. मान्य आसत तर उजवो दी, नासत तर दावो दी."

सर मागे उभे होते. त्यांनी डोळे मिटले. देवा, डावी पाड, त्यांनी मनात म्हटलं. पाण्याचा चिकटपणा वगैरे त्यांना त्या वेळी काहीच आठवलं नाही. पंधरा वर्षं ज्या पाकळीची त्यांनी वर्गात टिंगल केली, तिच्यापुढे ते नवसाचा नारळ बोलायला निघाले होते.

डावी पडली.

सरांना असा आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं. मग त्यांनी बसमध्ये मनात घोळवून ठेवलेला चेहरा लावला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, विनोदिनी. माझंही असंच झालं होतं. नशिबात नसतं एखाद्याच्या."

विनोदिनी हलली नाही. तिनं घाड्याकडे पाहिलं. "घाडीकाका, देवाक कितें खटकता तें पळोवया? परत विचारात. सुरी-कातर हांव भायर दवरतां. एक पान लेगीत तोडचें ना. पांयांत कांय घालचें ना. फकत पळयतां आनी चित्रां काडटां. अशें चलता?"

विठूनं मान डोलावली. त्याला यात काही नवल वाटलं नाही. त्यानं पाकळ्या पुन्हा भिजवल्या, हत्यार बाहेर, पान तोडणं नाही, पायांत वहाण नाही, नुसतं पाहायचं आणि चित्रं काढायची, अशा तिच्या सगळ्या अटी देवाला ऐकवल्या, आणि तो बोलत होता तेवढ्यातच उजवी पडली.

 देव नाही म्हणाला की दुसऱ्या वाटेनं विचारायचं, हे काय सरांना ठाऊक नव्हतं? गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांच्याच बहिणीच्या लग्नाला वडिलांनी याच पाषाणापुढे तीन तऱ्हांनी विचारलं होतं. आणि पंधरा वर्षांपूर्वी विठूनं दुसऱ्यांदा लावायला पाकळ्या हातात घेतल्याही होत्या. तेव्हा सर रागानं उठले, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. आता त्यांना आठवलं, की उठताना पाय हलके झाले होते. काम टळलं म्हणून. नाचता येत नव्हतं, आणि अंगण वाकडं आहे असं देवानंच सांगितलं होतं.

"आनी एक विचारात, काका," विनोदिनी म्हणत होती. "सरांनी वांगडा येवपाक जाय. ही राय तांचीच."

"छे, छे, मी कशाला बरोबर," सर घाईनं म्हणाले. "देवाला किती त्रास द्यायचा. आणि मला पेपर तपासायचे आहेत."

"रे सगुणा, देव खंय वता?" देवाला कुठं जायची घाई नसल्यासारखं विठू म्हणाला आणि त्यानं पाकळ्या लावल्या.

सरांनी पुन्हा डोळे मिटले. आयुष्यात इतक्या श्रद्धेनं त्यांनी काही मागितलं नव्हतं. देवा, मला नाही म्हण. एवढी एकच डावी दे, पुन्हा काही मागणार नाही. देवळात शांत होतं. बाहेर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजून गेला.

"चल," विठू पडलेली उजवी पाकळी उचलत म्हणाला. "तुकाय आपयलां देवान."

सरांनी बूट काढले. रायीत सावली गार होती आणि सालपाटं, सुकी पानं कोवळ्या तळव्यांना टोचत होती. विनोदिनी पुढे चालली होती, मधेच थांबत, वर बघत. एका झाडापाशी ती बसली. जाड बुंधा, गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, आणि त्यांवर हिरवं मऊ शेवाळ.

"सर, हें कसलें झाड?"

सर पुढे झाले. त्यांनी बुंध्यावर हात फिरवला, खाली पडलेलं पान उलटं केलं, चष्मा पुसला. या रायीवर ते पंधरा वर्षं बोलले होते. वर्गात, चहावर, लग्नाच्या पंगतीत. विनोदिनी उत्तराची वाट बघत होती. 

"म्हाका खबर ना," ते शेवटी म्हणाले.

"म्हाकाय ना, सर!" ती म्हणाली, आणि जत्रेत खाजं हातात पडलेल्या पोरीसारखी हसली. लगेच मांडीवर कागद घेऊन चित्र काढायलाही लागली.

तेव्हा सरांना खरा हेवा वाटला. तिच्या डिग्रीचा, प्राचार्यांच्या 'डॉक्टर'चा वाटला होता तो अगदीच किरकोळ होता. एखादी गोष्ट ठाऊक नाही म्हणून माणूस असं हसू शकतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते आपल्याजवळ कधीच नव्हतं.

विनोदिनीनं मान वर न करता पिशवीतून एक कागद काढला आणि दुसरी पेन्सिल पुढे केली. "तुमी त्या कुशीन बसात, सर. थंयच्यान पानां बरीं दिसतात."

सर मुळावर बसले. त्यांनी पेन्सिल हातात घेऊन पाहिली. तिला टोक काढलेलं होतं.